नऊ वर्षांच्या मुलीच्या उंचीवरून इतिहास

अमेरिकेत आज पस्तिशी-चाळिशीत असलेल्या बाईला विचारून बघावं, "तुझी कोणती होती? समँथा, मॉली की कर्स्टन?" प्रश्न कशाबद्दल आहे हे बहुतेकींना सांगावं लागत नाही. उत्तर चटकन येतं आणि त्याच्यासोबत बरंच काही येतं: १९०४ साल, १९४४ साल, पटकीने गेलेली मैत्रीण, ताटात पडलेला आणि घशाखाली न उतरणारा सलगमचा लगदा. 'अमेरिकन गर्ल' या अठरा इंची ऐतिहासिक बाहुल्या आणि प्रत्येकीबरोबर येणारी पुस्तकं यांनी एका पिढीचं बालपण व्यापलं होतं. ती पिढी आता माळ्यावरची खोकी खाली काढते आहे, जुने कपडे विकत घेते आहे, पुस्तकं पुन्हा वाचते आहे. रोचेस्टरच्या स्ट्राँग म्युझियमने २०२१ साली या बाहुल्यांना राष्ट्रीय खेळणी दालनात मानाची जागाही दिली.

बालपणीच्या खेळण्याची ओढ सगळ्यांनाच असते, त्यामुळे एवढ्यावर लेख लिहायचं कारण नव्हतं. पण या ओढीत एक वेगळी गोष्ट आहे. या बायका जिची आठवण काढतात ती बाहुली स्वतःच एका जुन्या काळाची आठवण म्हणून घडवलेली होती. म्हणजे ही आठवणीची आठवण आहे. आणि माझं मत असं, की या ओढीचं मूळ बाहुलीपेक्षा पुस्तकात जास्त आहे. पुस्तक बाजूला काढलं तर उरते ती चांगल्या शिवणीची, महागडी, एरवी कुठल्याही दुकानात मिळेल अशी बाहुली.

या सगळ्याच्या मुळाशी प्लेझंट रोलंड या बाई आहेत. त्या शिक्षिका होत्या, काही काळ टीव्हीवर वार्ताहर होत्या, नंतर वाचन शिकवणारी पाठ्यपुस्तकं लिहू लागल्या. १९८४ साली त्या व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्गला गेल्या. अठराव्या शतकातलं अख्खं गाव तिथे जसंच्या तसं उभं केलेलं आहे: लोहार भाता चालवतो, शिंपी कापड बेततो, बघणारा त्या काळात फिरून येतो. त्यानंतरच्या नाताळात भाच्यांसाठी बाहुल्या घ्यायला गेल्या, तर दुकानात बार्बी नाही तर कॅबेज पॅच किड्स. आठ-दहा वर्षांच्या मुलीला तिच्याच वयाची, डोक्यात विचार असलेली सोबतीण मिळायची सोय नव्हती. रोलंडबाईंनी व्हॅलरी ट्रिप या लेखिका मैत्रिणीला एका पोस्टकार्डावर कल्पना लिहून कळवली: वेगवेगळ्या काळातल्या नऊ वर्षांच्या मुली, प्रत्येकीची पुस्तकं, प्रत्येकीची बाहुली, त्या काळाचे कपडे आणि वस्तू. पाठ्यपुस्तकांच्या मानधनातून साठवलेला पैसा घालून विस्कॉन्सिनमधल्या मिडल्टनला १९८६ साली प्लेझंट कंपनी सुरू झाली. बाहुल्या जर्मनीच्या ग्योत्झ कारखान्यात बनत. दुकान नव्हतंच. घरी कॅटलॉग यायचा आणि ऑर्डर टपालाने किंवा फोनवरून जायची.

पहिल्या तिघी होत्या १८५४ साली स्वीडनहून मिनेसोटात आलेली कर्स्टन लार्सन, १९०४ सालची श्रीमंत घरातली पोरकी समँथा पार्किंग्टन आणि १९४४ साली, वडील युद्धावर गेलेले असताना, इलिनॉयमध्ये वाढणारी मॉली मॅकिन्टायर. १९९१ साली विल्यम्सबर्गची फेलिसिटी आली, १९९३ साली अ‍ॅडी, १९९७ साली होसेफिना. मग किट, काया, ज्युली, रेबेका आणि बऱ्याच जणी.

पुस्तकांचा साचा ठरलेला होता. प्रत्येकीची सहा पुस्तकं: ओळख, शाळेतला धडा, नाताळ, वाढदिवस, उन्हाळ्यातलं धाडस आणि शेवटी बदल. शेवटच्या काही पानांत त्या काळाची खरी माहिती, जुने फोटो, चित्रं. साचा एवढा पक्का असल्यामुळे मुलींना नकळत तुलना करायची सवय लागायची. कर्स्टनची शाळा कशी आणि मॉलीची कशी, समँथाच्या वाढदिवसाला काय आणि अ‍ॅडीच्या वाढदिवसाला काय. इतिहासाच्या वर्गात सनावळ्या पाठ करून जे साधत नाही ते इथे डब्यातल्या खाऊवरून साधलं.

ही पुस्तकं गोड असतील अशी समजूत असेल तर ती पहिल्याच पुस्तकात मोडते. मिनेसोटाकडे जाताना कर्स्टनची जिवलग मैत्रीण मार्टा पटकीने मरते. समँथाची मैत्रीण नेली कारखान्यात राबलेली मुलगी आहे. समँथा शाळेच्या स्पर्धेसाठी कारखान्यांच्या प्रगतीवर भाषण तयार करते, नेलीकडून कारखान्याची खरी हकिकत ऐकते आणि ऐन वेळी भाषण बदलते. मॉलीच्या गोष्टीची सुरुवातच सलगमपासून होते: परसात लावलेली भाजी, युद्धाच्या टंचाईचे दिवस, आणि 'नाही खाणार' म्हणून ताटावर अडून बसलेली मुलगी. १९३४ सालच्या किटच्या वडिलांचा मोटारींचा धंदा मंदीत बुडतो, घरात भाडेकरू ठेवावे लागतात आणि किटचं बिऱ्हाड माळ्यावर हलतं. न्यू जर्सीत वाढलेली माझी भाची आठ वर्षांची असताना मला म्हणाली होती, "मावशी, किटला माळा आवडायला लागला, पण तिच्या बाबांना ते बघवत नव्हतं." मंदी म्हणजे काय ते तिला कुणी समजावलं नव्हतं. बाहुलीही तिच्याकडे नव्हती. आई दर शनिवारी गावच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची, तेवढंच.

पण सगळ्यांत जास्त थांबावं असं वाटतं ते अ‍ॅडी वॉकरपाशी. कॉनी पोर्टर यांनी लिहिलेली ही गोष्ट १८६४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या तंबाखूच्या मळ्यावर सुरू होते. अ‍ॅडी गुलामीत जन्मलेली. पानांवरच्या अळ्या वेचणं हे तिचं काम. वडील आणि भाऊ सॅम यांना विकल्याच्या धक्क्यात तिच्या हातून काही अळ्या राहून जातात, आणि मुकादम त्या अळ्या तिच्या तोंडात कोंबतो. मुलांच्या पुस्तकात, तेही बाहुलीबरोबर विकायच्या पुस्तकात, हा प्रसंग ठेवायचा निर्णय सोपा नव्हता. ज्यांनी तो लहानपणी वाचला त्यांना तो वीस-तीस वर्षांनंतरही आठवतो.

आई आणि अ‍ॅडी पळून जायचं ठरवतात. तान्ही बहीण एस्थर रडली तर सगळे पकडले जातील, म्हणून तिला मागे ठेवावं लागतं. आई अ‍ॅडीच्या गळ्यात एक कवडी बांधते. आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेल्या पणजीची, अडुकेची, ती कवडी आहे. अ‍ॅडी हे नावही तिच्यावरूनच आलं. ही कवडी बाहुलीच्या गळ्यातही होती. पुस्तक वाचलेल्या मुलीच्या हातात बाहुली आली की तिची बोटं आधी त्या कवडीवर जायची. वस्तू आणि गोष्ट एकमेकींना कशा धरून होत्या ते दाखवायला माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

पुढे फिलाडेल्फियात अ‍ॅडी शाळेत जाते, लिहायला शिकते, ट्रामगाड्यांत काळ्या माणसांना मिळणारी वागणूक बघते. गुलामीत जन्मलेल्या अनेकांना स्वतःची जन्मतारीख ठाऊक नसे, तशी तिलाही नाही. तेव्हा ती स्वतःच एक दिवस निवडते: ९ एप्रिल १८६५, यादवी युद्धात दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली तो दिवस. कुटुंब हळूहळू जुळत जातं, पण पूर्ण नाही. सॅम परततो तो एक हात गमावून.

अ‍ॅडीसाठी कंपनीने कृष्णवर्णीय अभ्यासकांचं सल्लागार मंडळ नेमलं होतं. त्यात लॉनी बंच होते, जे पुढे वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास संग्रहालयाचे संस्थापक संचालक आणि २०१९ साली अख्ख्या स्मिथसोनियन संस्थेचे प्रमुख झाले. तरीही वाद झाला, आणि तो वाजवी होता. अमेरिकेत बाहुली आणि वर्ण यांचं नातं जुनं आणि दुखरं आहे. १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या दांपत्याने काळ्या मुलांसमोर गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवून त्यांच्या मनात काय रुजलंय ते तपासलं होतं, आणि शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात त्याचा आधार घेतला गेला. अशा देशात पहिली काळी ऐतिहासिक बाहुली गुलामीतून पळालेली असावी का? गोऱ्या मुलींना चहापार्ट्या आणि घोडे मिळाले, काळ्या मुलीच्या वाट्याला अळ्या का? २०११ साली न्यू ऑर्लिन्सची सेसिल रे येईपर्यंत तब्बल अठरा वर्षं अ‍ॅडी एकटीच होती, आणि सेसिल तर थोड्याच वर्षांत बंद झाली. १९६०च्या दशकातल्या डेट्रॉइटची मेलडी यायला २०१६ उजाडलं. अ‍ॅडीच्या गोष्टीत मला खोट दिसत नाही. तिला इतकी वर्षं एकटं ठेवलं, खोट त्यात आहे.

या वादाचं पुढे जे झालं ते मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं. कादंबरीकार ब्रिट बेनेट यांनी २०१५ साली अ‍ॅडीवर एक लेख लिहिला. गुलामीतल्या मुलीची बाहुली खेळायला मिळणं म्हणजे नक्की काय मिळणं, हा त्यातला प्रश्न. सात वर्षांनी, २०२२ साली, कंपनीने नवी बाहुली आणली: १९२२ सालच्या हार्लेममधली क्लॉडी वेल्स, कलावंतांच्या गजबजाटात वाढणारी. तिचं पुस्तक लिहिलं बेनेट यांनीच. लहानपणीच्या वाचकाने मोठं होऊन प्रश्न विचारावा आणि उत्तराचं पुस्तकही स्वतःच लिहावं, असं क्वचितच घडतं.

बाकीच्या मुलींच्या बाबतीत इतिहासाची काळजी कमीअधिक आहे. १७६४ सालची काया नेझ पर्स जमातीची. तिच्यासाठी जमातीशी बसून काम झालं, आणि दात दाखवणं त्यांच्यात आक्रमकपणाचं मानलं जातं म्हणून तिच्या चेहऱ्याला मिटलेले ओठ मिळाले. इतर बाहुल्यांचे पुढचे दोन दात दिसतात. १८२४ सालची होसेफिना सांता फे जवळची, म्हणजे तेव्हाच्या मेक्सिकोतली. 'अमेरिकन' शब्दाची व्याप्ती मुलींना तिने शिकवली. ज्युलीच्या १९७४ सालात आईवडिलांचा घटस्फोट आहे आणि मुलींना बास्केटबॉल खेळू देण्याचा झगडाही. याउलट फेलिसिटीच्या पुस्तकांत गुलामी कडेकडेने येते, आणि त्या वेळच्या विल्यम्सबर्गची जवळजवळ निम्मी वस्ती कृष्णवर्णीय होती. कर्स्टनला जंगलात भेटणारी आदिवासी मैत्रीण निघून जाते, कारण वसाहतवाले आल्यावर तिच्या लोकांना तिथे पोट भरता येत नाही. गोष्ट इथवर प्रामाणिक आहे. पण आठच वर्षांनी, २६ डिसेंबर १८६२ रोजी, त्याच मिनेसोटातल्या मँकेटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. कर्स्टन तेव्हा सतरा वर्षांची असती. तिच्या पुस्तकाच्या माहितीच्या पानांत या दिशेने अधिक बोलायला हवं होतं.

टीकेचा दुसरा रोख पैशावर आहे. नव्वदच्या दशकात बाहुली ८२ डॉलरला होती, आज ती शंभराच्या वर गेली आहे. पलंग, मेज, पेटी, कपडे यांचे वेगळे पैसे. प्रत्येक पुस्तकात एखादी वस्तू गोष्टीतून अशी पुढे येते की कॅटलॉगमध्ये ती सापडावीच. श्रीमंत समँथाची मेजवानी आणि गरीब किटच्या पेट्या एकाच दराने विकल्या जातात, हे विसंगत आहे यात शंका नाही. एमिली झॅस्लो यांनी २०१७ साली या सगळ्या संग्रहावर एक अभ्यासग्रंथ लिहिला, त्यात या बाजूची तपशिलात चिकित्सा आहे.

तरी इथे एक गोष्ट सुटते. या बाहुल्यांची ओढ ज्यांच्याकडे त्या कधीच नव्हत्या अशा बायकांनाही तितकीच आहे. पुस्तकं वाचनालयात फुकट होती. कॅटलॉग फुकट यायचा, आणि तो पुस्तकासारखा वाचला जायचा. वस्तूंच्या चित्रांखाली चार ओळींची माहिती असे, त्यावरून मुली कपड्यांची, भांड्यांची, शाळेच्या पाटीची नावं शिकल्या. हवं त्याच्यावर खूण करून कॅटलॉग आईच्या उशाशी ठेवायचा, आणि बहुतेकदा काही यायचं नाही. न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या ओटेनडॉर्फर वाचनालयाने तर कर्स्टन बाहुलीच घरी न्यायला देऊन ही उणीव भरून काढली. पुस्तकासारखीच ती बाहुली एका घरून दुसऱ्या घरी फिरायची. या बायकांची आठवण हावेची आहे असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्याशी बोलून बघावं. त्या किमतीबद्दल नाही, मार्टाच्या मरणाबद्दल बोलतात.

१९९८ साली मॅटेलने ७० कोटी डॉलर देऊन कंपनी विकत घेतली. बार्बीला पर्याय म्हणून निघालेली कंपनी बार्बीच्याच घरात गेली. त्याच वर्षी शिकागोत पहिलं भव्य दुकान उघडलं, जिथे बाहुलीला शेजारी बसवून जेवता येतं. आजच्या काळातल्या बाहुल्या आणि आपल्यासारखी दिसणारी बाहुली बनवून घ्यायची सोय यांच्यावर भर वाढला. ऐतिहासिक मुली एकेक करून बंद केल्या गेल्या: समँथा २००९, कर्स्टन २०१०, फेलिसिटी २०११, मॉली २०१३. कंपनीचा शब्द होता 'अर्काइव्ह', जणू मुलगी दप्तरखान्यात गेली. २०१४ साली उरलेल्यांना नवे कपडे चढवले आणि सहा-सहा पुस्तकं आटवून दोन-दोन खंड केले. आतली चित्रं गेली. माझ्या मते सगळ्यांत मोठं नुकसान हेच झालं. जुन्या पुस्तकांतली चित्रं सजावटीची नव्हती. चूल कशी होती, झोपडीत अंथरूण कुठे पडायचं, हे मुलीला वाक्याआधी चित्रातून कळत असे. विक्रीही पुढच्या वर्षांत घसरत गेली. त्याला खेळण्यांच्या बाजाराची सर्वसाधारण अवस्था कारण आहेच, पण पुस्तक बारीक झालं की बाहुली घ्यायचं कारणही बारीक होतं, हे कुणी तरी त्यांना सांगायला हवं होतं.

मग कंपनीच्या लक्षात आलं की जुन्या मुली विकत घ्यायला आता त्यांच्या जुन्या मालकिणी तयार आहेत. २०२१ साली, ३५व्या वर्षी, पहिल्या सहा जणी मूळ कपड्यांत परत आणल्या. त्याच्या आदल्या वर्षी आलेली कोर्टनी मूर १९८६ सालची आहे, म्हणजे कंपनी निघाली त्याच वर्षाची, आणि तिच्या सामानात एक चिमुकली मॉली बाहुली आहे. २०२३ साली आलेल्या इझाबेल आणि निकी या जुळ्या तर १९९९ सालच्या. ज्या आईने हे साल जगलं तिलाच ते इतिहास म्हणून विकलं जातंय. यात मला धोका दिसतो. कर्स्टनच्या काळात शिरायला मुलीला स्वतःच्या जगातून बाहेर पडावं लागत होतं, अपरिचित भूक, अपरिचित भीती समजून घ्यावी लागत होती. कोर्टनीच्या काळात शिरायला आईने जुन्या गाण्यांची कॅसेट लावली तरी पुरतं. मुलीपेक्षा आईचं मन रमवणारी बाहुली इतिहास कमी शिकवते.

या ओढीचं खरं काम बाजाराबाहेर चाललंय. मेरी महोनी आणि अ‍ॅलिसन हॉरॉक्स या दोघी पेशाने इतिहासकार. २०१९ साली त्यांनी पॉडकास्ट सुरू केला आणि एकेक पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं: काय खरं होतं, काय झाकलं, लहानपणी काय आवडलं आणि आज काय खटकतं. त्यातून 'डॉल्स ऑफ अवर लाइव्ह्ज' हे पुस्तक २०२३ साली निघालं. इतिहासाकडे आपण का वळलो याचं उत्तर देताना समँथा किंवा अ‍ॅडीचं नाव घेणाऱ्या संशोधक, शिक्षिका, संग्रहालयातल्या बायका अमेरिकेत ठिकठिकाणी भेटतात. त्यांचं प्रेम डोळस आहे. आवडत्या पुस्तकाला प्रश्न विचारल्याने प्रेम कमी होत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

मराठी घरांशी या गोष्टीचा धागा न्यू जर्सीत जुळतो. २०२३ सालची 'गर्ल ऑफ द इयर' कवी शर्मा, या मालिकेतली पहिली भारतीय वंशाची मुलगी, मेटचन गावची आहे. तिचं पुस्तक वर्षा बजाज यांनी लिहिलं, ज्या मुंबईत वाढल्या. एडिसन-मेटचन पट्ट्यातल्या कितीतरी मराठी मुलींना पहिल्यांदा आपल्या गावची बाहुली मिळाली. पण कवी आजच्या काळातली आहे, नाचगाण्यात रमणारी. ऐतिहासिक मालिकेत भारतीय वंशाची मुलगी आजवर आलेली नाही, जणू आपण अमेरिकेत कालच उतरलो.

त्या मालिकेला द्यायला गोष्ट तयार आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी न्यू जर्सीतल्याच रोझेल गावी कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या. कार्पेंटरबाईंना त्या मावशी म्हणत. घरात मुलं होती. तिथून त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, अ‍ॅडीच्याच शहरात, आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. १८८५ सालच्या एका फोटोत त्या जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्याबरोबर दिसतात, तिघी आपापल्या देशाच्या वेषात. रोझेलच्या त्या घरात नऊ वर्षांची एक अमेरिकन मुलगी कल्पावी, जिच्या जेवणाच्या टेबलाशी एक दिवस साडी नेसलेली अठरा वर्षांची बाई येऊन बसते आणि मांसाला हात लावत नाही. सहा पुस्तकांचा जुना साचा घ्यावा, चित्रं परत आणावीत, शेवटच्या पानांत १८८०च्या दशकातली पुण्याची आणि फिलाडेल्फियाची माहिती द्यावी, आणि आनंदीबाई परतल्यावर वर्षभराच्या आत क्षयाने गेल्या हेही मुलींपासून लपवू नये. कर्स्टनची मार्टा ज्यांनी सोसली त्या हेही सोसतील.